कंट्रोलची चिठ्ठी आणि मोंढ्याचे माप

तेलंगणातील भैंसा येथील कोणत्याही संसारी घरात, मग ते मोंढ्यावर हमाली करणाऱ्याचे असो, जिनिंगमधल्या मुनिमाचे असो वा शाळामास्तराचे असो, दोन जातींच्या चिठ्ठ्या हमखास सापडतात. पहिली सरकारची, म्हणजे शिधापत्रिका आणि तिच्या जोरावर कंट्रोलच्या दुकानात अंगठा टेकवल्यावर यंत्रातून निघणारी पावती. दुसरी व्यापाऱ्याची, म्हणजे तेलाच्या पिशवीला चिकटवलेले, वर्तमानपत्राच्या घडीतून पडलेले, किंवा अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर बोटाने खरवडून काढावयाचे सवलतीचे कूपन. गंमत अशी की पहिली चिठ्ठी हा कायद्याने मिळालेला हक्क असूनही तिच्याकडे आपण काहीशा संकोचाने पाहतो, आणि दुसरी हे निव्वळ आमिष असूनही ती मात्र जपून ठेवतो. मांस, मत्स्य व अंडी वर्ज्य करून, किंवा त्याहीपुढे जाऊन दूधदुभतेही सोडून, केवळ धान्य, कडधान्य, भाजीपाला, फळे आणि तेलबिया यांवर ज्यांना आरोग्याने राहावयाचे आहे, आणि तेही महिन्याच्या मोजक्या रकमेत, त्यांनी या दोन चिठ्ठ्यांचा क्रम व मोल नीट ठरवून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

या मुलखाला कूपन नवे नाही. भैंसा-मुधोळ हा भाग निजामी अमलात नांदेड जिल्ह्यात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादेस जोडला गेला, किनवट त्याच वेळी नांदेडकडे गेले, आणि ११ ऑक्टोबर २०१६ पासून भैंसा निर्मल जिल्ह्याच्या दप्तरी नोंदले गेले. सरहद्दी अशा हलल्या तरी ताट हलले नव्हते. ते ज्वारीच्या भाकरीचे, तुरीच्या वरणाचे आणि अंबाडीच्या भाजीचेच राहिले. ताट हलवले ते शिध्याने. १९८३ मध्ये आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्यास आरंभ केला, आणि जेथे भात हा सणावाराचा पदार्थ होता तेथे तो रोजचा झाला. ज्वारीच्या शेतांची जागा पुढे कापसाने व सोयाबीनने घेतली. २०११ च्या सुमारास, ज्यांच्या शिधापत्रिका तयार झाल्या नव्हत्या अशा कुटुंबांना ‘रच्चबंडा’ कार्यक्रमात तात्पुरती कूपने वाटण्यात आली, आणि कित्येक घरांनी दीर्घकाळ त्याच कूपनांवर तांदूळ उचलला. २०१३ च्या उगादीला किरणकुमार रेड्डी यांच्या सरकारने ‘अम्मा हस्तम्’ नावाची योजना आणली. तीत १८५ रुपयांत तूरडाळ, पामतेल, गव्हाचे पीठ, गहू, साखर, मीठ, तिखट, चिंच व हळद अशा नऊ जिनसा मिळत. ती योजना फार काळ चालली नाही, परंतु माझ्या मते आजवरच्या सर्व शिधायोजनांत स्वयंपाकघराचा विचार केलेली ती एकच होय, कारण कंट्रोलच्या तांदळाच्या जोडीला तीत डाळ होती. त्या नऊ जिनसांत प्राणिज अशी एकही नव्हती, ही गोष्टही वनस्पत्याहारी वाचकांनी ध्यानात घ्यावी.

आता आपली गरज काय, हे आधी ठरवू. कारण गरज ठाऊक नसता कूपन हातात धरणे म्हणजे खरेदीचा अधिकार दुकानदाराला देणे होय. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ही संस्था १९१८ मध्ये कुन्नूर येथे एका लहानशा बेरीबेरी-संशोधन केंद्राच्या रूपाने सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादेस आली. तिच्या मते २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये वा त्यांच्या ऐवजी अंडी-मांस, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम तेलबिया व कठीण कवचाची फळे, २७ ग्रॅम तेल-तूप आणि ३०० मिलिलिटर दूध असावे. चार प्रौढ माणसांच्या घराचा महिन्याचा हिशेब यावरून मांडला तर धान्य ३० किलो, डाळी-कडधान्ये सव्वादहा किलोच्या आसपास, भाज्या ४८ किलो, फळे १२ किलो, शेंगदाणे-तीळ-जवस मिळून सव्वाचार किलो, आणि तेल सव्वातीन किलो एवढे लागते. शेतात राबणाऱ्याला धान्य याहून पुष्कळ अधिक लागेल, लेकरांना काही कमी. हे आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवावेत. त्यांच्याकडे पाहिले की पैसा कोठे जातो आणि कोठे जावयास हवा हे आपोआप उमगते. बहुतेक घरांत धान्याचे ३० किलो पुरे होतात, किंबहुना जास्तच होतात; तेल ठरलेल्या प्रमाणाच्या पुढे जाते; आणि डाळीचे दहा किलो मात्र चार-पाचांवर अडतात. अर्थात काटकसर जी करावयाची ती तेलात व साखरेत करून डाळीत खर्च वाढवणे, हाच वनस्पत्याहाराचा खरा अर्थव्यवहार आहे.

पहिली चिठ्ठी येथे कामास येते. तेलंगणात अन्नसुरक्षा पत्रिकेवर माणशी महिन्याला ६ किलो तांदूळ मिळतो. १ जानेवारी २०१५ पासून कुटुंबावरची कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली, आणि एप्रिल २०२५ पासून जाड्या तांदळाऐवजी ‘सन्न बिय्यम’, म्हणजे बारीक तांदूळ, विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला. अंत्योदय पत्रिकेवर घरटी ३५ किलो मिळतो. चार माणसांच्या घरास म्हणजे २४ किलो तांदूळ फुकट. तीस किलोंपैकी उरले सहा. बाजारभावाने या चोवीस किलोंची किंमत काढावी, आणि तेवढी रक्कम, अक्षरशः तेवढी, एका वेगळ्या डब्यात बाजूस ठेवून तिची डाळ, कडधान्ये आणि शेंगदाणे आणावेत. शिध्याने वाचलेला पैसा सर्वसाधारण जमाखर्चात मिसळू दिला की तो चहा, बिस्किटे आणि मोबाइलच्या भरण्यात विरून जातो. वेगळा काढला तरच त्याचे वरण होते. बारीक तांदूळ आल्यापासून कंट्रोलचा माल जनावरांना घालण्याचे किंवा दारावर येणाऱ्या फेरीवाल्यास कवडीमोलाने विकण्याचे प्रमाण कमी व्हावयास हवे. असली विक्री गुन्हा आहे ही एक बाब. परंतु हिशेबाच्या दृष्टीनेही ती मूर्खपणाची आहे, कारण आठवड्याच्या भाजीचेही पैसे तीतून सुटत नाहीत.

शिधापत्रिकेविषयी दोन-तीन व्यावहारिक गोष्टी येथेच सांगून टाकतो. लग्न होऊन आलेल्या सुनेचे व नव्या बालकाचे नाव पत्रिकेत घालण्यास मीसेवा केंद्रात अर्ज करावा लागतो. जे नाव नाही त्याचे सहा किलो नाहीत, आणि हा तोटा दरमहा होत राहतो. प्रत्येक सदस्याच्या आधारची पडताळणी करून घेतली नसेल तर ती मुदतीत करावी. कापसाचा हंगाम संपल्यावर जे नांदेड, धर्माबाद किंवा थेट मुंबईकडे कामास जातात त्यांना आपला शिधा तिकडेही उचलता येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तेलंगण-आंध्र आणि महाराष्ट्र-गुजरात अशा दोन जोड्यांपासून सुरू झालेली ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही व्यवस्था आता देशभर लागू आहे. तेथे केंद्राच्या कायद्याप्रमाणे माणशी ५ किलो पदरी पडते, राज्याचा वरचा किलो नव्हे. तरीही परमुलखात पाच किलो धान्य ही काही थोडी गोष्ट नाही.

तांदळाच्या गोणीत पिवळसर, किंचित वेगळ्या रंगाचे मोजके दाणे दिसले की ‘हा प्लास्टिकचा तांदूळ’ अशी आवई उठते आणि शहाणीसुरती माणसेही तो निवडून फेकतात. ते दाणे लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून तांदळाच्याच पिठापासून केलेले असतात व शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळलेले असतात. ते फेकू नयेत. वनस्पत्याहारी माणसाला लोहाची व ब-१२ ची वाण पडते, आणि ती दोन्ही त्या दाण्यांत आहेत. मात्र त्यांवर विसंबूनही राहू नये. त्याचे कारण पुढे येईल.

तांदूळ मिळाला म्हणून ज्वारी सोडू नये, हे मला जरा आग्रहाने सांगावयाचे आहे. धान्यापैकी निम्मा भाग तरी कोंड्यासकट असलेले धान्य असावे असे पोषणतज्ज्ञ सांगतात, आणि मधुमेह आता हमालाच्या घरीही शिरला असल्याने हा सल्ला केवळ पुस्तकी राहिलेला नाही. एका वेळेस भात व एका वेळेस भाकरी, म्हणजे तेलुगू शेजारणीची जोन्न रोट्टे, असा नेम ठेवला तर कष्टकऱ्याच्या घरी दोन्ही धान्ये खपतात. बैठ्या कामाच्या घरी तांदूळ उरू लागला तर त्याचे इडली-डोशाचे पीठ आंबवावे, उडीद मिसळून. म्हणजे फुकटच्या तांदळाबरोबर डाळही पोटात जाते. ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी ही जोडी तर आपल्या आज्यांनी कोणत्याही संस्थेला न विचारता जुळवली होती. अंबाडीला तेलंगणात पुंटीकूर म्हणतात आणि तिची कोवळी जुडी आठवडी बाजारात स्वस्तात मिळते. तिच्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, आणि तिच्यावर आजतागायत कोणी कूपन काढलेले नाही.

ही शेवटची गोष्ट थट्टेत घालवू नये. कूपन कोणत्या मालावर निघते याचा विचार करा. १८८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील अटलांटा शहरी कोका-कोलाच्या मालकांनी एक पेला फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, तेथून या व्यापारी कूपनाची परंपरा धरली जाते; म्हणजे त्याचा जन्मच गोड पेयाच्या प्रसारासाठी झाला. ज्या मालात कारखानदाराचा नफा मोठा, ज्याची गरज ग्राहकाला मुळात वाटत नाही आणि जो एकदा जिभेवर बसला की पुन्हा मागवला जातो, त्याच्यावर सवलत असते. मोंढ्यावरची सुटी तूर, मूग, ज्वारी आणि शेपू, चुका, तांदुळजा यांच्या मागे कोणी कारखानदार नाही, म्हणून त्यांच्यावर कूपनही नाही. तेव्हा कूपनांच्या मागे जाणारा वनस्पत्याहारी माणूस नकळत बिस्किटे, शेवया, साखरेचे नाचणीमिश्रित पेय आणि तळलेले चिप्स यांचा वनस्पत्याहारी होतो. हे सर्व पदार्थ वनस्पतिजन्य आहेत हे खरे. आरोग्यदायी आहेत हे मात्र कोणी म्हणत नाही.

मग या दुसऱ्या चिठ्ठीचा उपयोग मुळीच नाही काय? आहे, पण तो मोजका व शर्तींवर आहे. पहिली शर्त अशी की जिन्नस आपल्या महिन्याच्या यादीत आधीपासून असली पाहिजे. तेल, मीठ, सोयावडी, नाचणीचे पीठ, पोहे, गूळ, मसाले या वस्तू यादीत असतात आणि त्यांवर सवलतही निघते; तेथे ती अवश्य घ्यावी. दुसरी शर्त, सूट छापील कमाल किमतीवर मोजू नये, आपल्या नेहमीच्या दुकानदाराच्या भावावर मोजावी. समजा, बांधीव तूरडाळीच्या पुडीवर किलोस २२० रुपये किंमत छापली आहे आणि ३० रुपयांचे कूपन आहे, तर ती १९० ला पडली. तीच डाळ मोंढ्यावर सुटी १५० ला मिळत असेल तर कूपनाने तीस रुपये वाचले नाहीत, चाळीस गेले. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील लेबलाच्या बांधीव डाळी-पिठांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर बसला आणि सुट्या मालावर बसला नाही, हाही भेद त्या भावात असतो. पुडीवर आता दर किलो किंवा दर ग्रॅमचा भावही छापावा लागतो. चष्मा लावून तो वाचावा, कारण ‘२० टक्के अधिक’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पुडीचे वजन ९०० ग्रॅम असण्याचा संभव नेहमीच असतो.

तिसरी शर्त सर्वांत दुर्लक्षित आहे. ‘५०० रुपयांच्या खरेदीवर ५० रुपये सूट’ हे कूपन घेऊन जो माणूस ३८० रुपयांची यादी खिशात घालून निघतो, तो उरलेल्या १२० रुपयांचा सटरफटर माल भरतो आणि ४५० रुपये देऊन आनंदाने घरी येतो. त्याने पन्नास वाचवले नाहीत, सत्तर जास्त घालवले. अशा कूपनाचा योग्य उपयोग शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एकच यादी करण्यात आहे, किंवा दोन महिन्यांचे तेल-मीठ एकदम उचलण्यात आहे. तेल घेताना मुदतीची तारीख पाहावी. ‘एकावर एक मोफत’ ही बहुधा मुदत संपत आलेल्या मालाचीच विल्हेवाट असते.

दुकानात अलीकडे सोयाचे दूध, बदामाचे दूध आणि मांसासारखे दिसणारे वनस्पतिजन्य गोळे मिळू लागले आहेत. २०२२ च्या नियमांनुसार संपूर्ण वनस्पतिजन्य मालावर हिरव्या ‘व्ही’चे चिन्ह असते, आणि त्यांवर कूपनेही भरघोस निघतात. हौस म्हणून कोणी घ्यावेत. त्यावाचून अडत नाही. ज्या मुलखात सोयाबीन मोंढ्यावर ढिगाने उतरते तेथे त्याचे दूध डब्यात बांधून आणणे हे विपरीत आहे. सोयाबीन रात्रभर भिजवून, साले काढून, वाटून, गाळून आणि चांगले दहा-पंधरा मिनिटे उकळून घरी दूध होते. उरलेला चोथा थालीपिठात जातो. सोयाबीन कच्चे मात्र केव्हाही खाऊ नये. त्यातील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करतात, आणि ती उष्णतेने नष्ट होतात. दहा किलो ज्वारीत एक किलो भाजलेले सोयाबीन घालून दळून आणण्याची रीत पुष्कळ घरांत आहे; ती चांगली आहे.

प्रथिनांचा प्रश्न लोक वारंवार विचारतात म्हणून तो एकदा मांडून संपवू. साठ किलो वजनाच्या माणसास पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. दूधही न घेणाऱ्याने साठ धरावीत, म्हणजे धान्यातील प्रथिनांच्या उणेपणाची भरपाई होते. शंभर ग्रॅम तांदळातून सात-आठ, दीडशे ग्रॅम ज्वारीतून पंधरा, ८५ ग्रॅम तूरडाळीतून अठरा-एकोणीस, ३५ ग्रॅम शेंगदाण्यांतून आठ-नऊ. बेरीज पन्नासपर्यंत आली. उरलेले दहा भाकरीतल्या सोयाबीनने व मूठभर सोयावडीने सहज भरतात. पाचशे रुपयांच्या प्रथिनपुडीवर शंभर रुपयांचे कूपन आले तरी ते फाडून टाकण्यास हरकत नाही.

खरी बचत हंगामाची आहे, आणि या बाबतीत भैंसाकर शहरी माणसापेक्षा फार भाग्यवान आहेत. मूग व उडीद भाद्रपदाच्या आगेमागे येतात, सोयाबीन दसऱ्या-दिवाळीस, तूर पौष-माघात, हरभरा व रब्बी ज्वारी फाल्गुनात, चिंच आणि लाल मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि हळदीला तर निझामाबादची मोठी पेठ हाकेच्या अंतरावर. आवक वाढली की भाव उतरतो, आणि तोच घरात वर्षाचे भरण्याचा काळ. एखाद्या ओळखीच्या अडत्याकडून अथवा थेट शेतकऱ्याकडून अखंड तूर घ्यावी, कडक उन्हे द्यावीत, पाणी लावून, वाळवून गिरणीवर भरडून डाळ करून घ्यावी. चुनी-टरफल जनावरांना होते किंवा गिरणीवाला मजुरीत वळते करून घेतो. डाळीला एरंडेलाचा हात लावून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ती कोरड्या कोठीत भरली तर पावसाळ्यातही कीड लागत नाही. एकरकमी पैसा नसेल तर बचतगटाच्या बायकांनी मिळून एक पोते घ्यावे आणि वाटून न्यावे. भाजीसाठी बाजार उलगण्याच्या वेळेला जावे, कारण दिवेलागणीला भाजीवाली उरलेल्या जुड्या परत नेण्यापेक्षा ढीग लावून देऊन टाकते. मात्र त्या वेळेचा माल त्याच रात्री निवडून ठेवला पाहिजे, नाहीतर स्वस्ताईचा उकिरडा होतो. हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी आणि अंबाडी सावलीत वाळवून ठेवली की वैशाखात, जेव्हा हिरवी भाजी महाग होते, तेव्हा डाळीत घालण्यास ती हाताशी असते.

शिकावयास किंवा नोकरीस बाहेर गेलेल्या मुलांची गोष्ट थोडी निराळी. बासरच्या तंत्रज्ञान विद्यापीठात राहणाऱ्यांची जेवणाची सोय वसतिगृहातच असते. परंतु नांदेड, पुणे वा हैदराबाद येथे खोली घेऊन राहणारे खानावळीची कूपनपुस्तिका घेतात. ती घेताना न जेवलेल्या दिवसाचे कूपन पुढील महिन्यात चालते काय, घरी गेल्यास किती दिवसांचा खाडा धरला जातो, आणि भाकरी किंवा डाळीची दुसरी वाटी वेगळ्या पैशाने मिळते काय, या तीन गोष्टी आधी कबूल करून घ्याव्यात. हैदराबादच्या कचेऱ्यांत नोकरीस असलेल्या कित्येकांना मालकाकडून भोजनपत्र मिळते. पूर्वी सोडेक्सो नावाने ओळखले जाणारे आणि आता प्लक्सी झालेले हे कार्ड अनेक किराणा दुकानांतही चालते. उपाहारगृहात ते उडवण्याऐवजी महिनाअखेरीस त्यावर डाळ, शेंगदाणे व तीळ भरून घ्यावेत, आणि सणाला गावी येताना पिशवी आणावी. महाराष्ट्रात १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी निघाली. थाळीत दोन पोळ्या, भाजी, डाळ व भात. दोन्ही ताटे निखळ वनस्पतिजन्य होती, हे त्या योजनांविषयी एवढे राजकारण झाले तरी कोणी मुद्दाम बोलून दाखवले नाही.

कूपनाचा व वनस्पत्याहाराचा संबंध इतिहासात एकदा फार स्पष्टपणे आला आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने ८ जानेवारी १९४० रोजी शिधापद्धती सुरू केली व ती ४ जुलै १९५४ पर्यंत चालवली. आपल्याकडे मुंबई शहरात शिधा २ मे १९४३ रोजी आला. इंग्लंडात शाकाहारी म्हणून नाव नोंदवणाऱ्यास मांसाचा हक्क सोडून त्याबदली अधिक चीज घेण्याची मुभा होती. त्याच काळात, नोव्हेंबर १९४४ मध्ये, दूध-चीजही न घेणाऱ्यांनी तेथे व्हीगन सोसायटी स्थापन केली. त्यांना त्या मुभेचा काहीच उपयोग नव्हता, आणि वाटाणे, घेवडा व घरामागची भाजी यांवर त्यांनी दिवस काढले. नको असलेल्या जिनसेच्या बदली हवी ती जिन्नस देणारी तशी सोय आपल्या कंट्रोलच्या दुकानात नाही. तांदूळ देऊन तूर मागता येत नाही. ती अदलाबदल गृहिणीने वर सांगितलेल्या वेगळ्या डब्याने करावयाची असते.

एका बाबतीत मात्र काटकसर चालत नाही. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. आंबील, इडली, सोयाबीन किंवा शेवाळ यांत ते भरपूर असते ही समजूत खोटी आहे. प्रौढास रोज २.२ मायक्रोग्रॅम लागते. पोषणयुक्त तांदळाच्या किलोत ते ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम असते. माणशी सहा किलो म्हणजे दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ धरला तर पाव मायक्रोग्रॅमहून अधिक हाती लागत नाही. दही-ताक घेणाऱ्या माळकऱ्याची गरज बऱ्याच अंशी भागते. दूधही सोडलेल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेतलीच पाहिजे, विशेषतः गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी. गोळी स्वस्त आहे, आणि तिच्या अभावाने हातापायांस येणाऱ्या मुंग्या व पुढचे मज्जातंतूंचे दुखणे स्वस्त नाही. लोहासाठी जेवणात लिंबाची फोड किंवा कच्ची आंबट भाजी असावी, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा लोहाचे शोषण रोखतो. आपल्याकडे हा शेवटचा सल्ला कोणी ऐकत नाही, तरी देतो. कॅल्शियमसाठी नाचणी (शंभर ग्रॅमांत सुमारे ३६० मिलिग्रॅम) आणि तिळाची चटणी.

शेवटी, या चिठ्ठ्यांच्या निमित्ताने होणाऱ्या फसवणुकीविषयी. मोबाइलवर ‘मोफत किराणा कूपन’ म्हणून जो दुवा येतो तो उघडू नये, आणि आलेला गुप्त क्रमांक कोणासही सांगू नये. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. छापील कमाल किमतीहून अधिक घेतल्यास किंवा जाहीर केलेली सूट नाकारल्यास ग्राहकांसाठी १९१५ हा क्रमांक आहे, आणि कंट्रोलच्या दुकानात माप कमी भरल्यास नागरी पुरवठा खात्याचा १९६७. तक्रार नोंदवल्यावर मिळणारा नोंदणीक्रमांक तारखेसह शिधापत्रिकेच्या वेष्टनावर लिहून ठेवावा. चौकशी लागली की पहिल्यांदा तोच विचारला जातो.